अवसेचा गुरुवार

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चढावर सायकलवरून खाली उतरावं लागलं की स्वतःच्याच पायांचा राग यायचा. रस्त्याला ते कधी शिव्या द्यायचे नाहीत, सायकलला तर नाहीच. मांडीवर चापटी मारून "काय रं, दमला व्हय?" असं पायालाच विचारायचे. पन्नाशी ओलांडलेली, मिशा पांढऱ्या, समोरचा एक दात पडलेला, आणि इंद्रायणीचा पूल संपल्यावर जो चढ लागतो तो रोज कामावरून येताना बसूनच चढायचा असा हट्ट. आई म्हणायची, "ह्यांना न्यायला यम आला तरी म्हणतील, तू व्हो फुडं, मी सायकलवर येतो." आई असं काहीही बोलायची आणि आबांना ते ऐकून बरं वाटायचं.

कुरुळीतली आमची जमीन पोटापुरतीही पिकत नव्हती. चिंचवडच्या बाजूला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा आबा उतारवयात कामाला लागले. बरोबरीची माणसं देवळात बसून तंबाखू मळायला लागली होती आणि हे भोंग्याच्या हिशेबाने उठायला लागले. त्या दिवसापासून आमच्या घरातल्या तिथ्या गेल्या आणि वार आले. आधी आबा म्हणायचे, एकादशीला हे करू, पुनवेला ते करू. आता सगळं गुरुवारी, कारण गुरुवारी कारखान्याला सुट्टी. पाहुण्यांकडे जायचं गुरुवारी, दळण आणायचं गुरुवारी, आजारी पडायचं तर तेही गुरुवारी. शेजारच्या बायका हसायच्या. मलाही गंमत वाटायची. हा गुरुवार पुढे माझ्याच मुळावर येणार आहे हे तेव्हा कुणाला माहीत होतं!

माझी सोयरीक चाकणच्या बाजारात ठरली. सासरे डोंगरातून हिरडा विकायला यायचे, आबांची आणि त्यांची तिथे बसून ओळख झाली, आणि दोघांनी मिळून मला देऊन टाकली. खेडच्या पुढे भीमेच्या काठाकाठाने गेलं की डोंगराच्या पायथ्याशी बाजाराचं एक गाव लागतं. तिथून घाट चढून गेलं की माथ्यावर माझं सासर. भाताची खाचरं, हिरड्याची झाडं आणि वारा, एवढंच तिथे होतं. कुरुळीच्या बायका आईला म्हणाल्या, पोर डोंगरात ढकलली गं. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता. सासरी गेल्यावर महिन्याभरात वाटायला लागलं की बायका काही खोटं बोलल्या नव्हत्या. घरातली माणसं वाईट नव्हती, पण गाव फार लांब होतं.

मी लग्न होऊन गेले त्याच वर्षी घाटाचा रस्ता झाला. गावोगाव श्रमदानाने रस्ते करायचे ते दिवस. हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता तेव्हा मीही मातीच्या पाट्या वाहिल्या. रस्ता कच्चा, दगडगोट्यांचा, पण बैलगाडी वर यायला लागली. एसटी मात्र पायथ्याच्या गावापर्यंतच. ती दुपारी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर पाणी प्यायचे, आणि गाडी लगेच खेडकडे परत फिरायची. वर आमच्या गावाच्या कडेला उघडा कातळ होता, त्याला सडा म्हणत. सड्यावर उभं राहिलं की घाटाची सगळी वळणं पायथ्यापर्यंत दिसायची. कोण येतंय हे तो वर पोचायच्या कितीतरी आधी गावाला कळलेलं असायचं.

मला दिवस गेले तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो, मी, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. नवरा मुंबईला गिरणीत. तो गणपतीला आणि शिमग्याला तोंड दाखवायचा. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सातव्या महिन्यात माहेरचं माणूस येतं आणि पोरीला घेऊन जातं. आठवा लागला की तो सरेपर्यंत तिला हलवायचं नाही, शीव ओलांडायची नाही. आमच्याकडे बाईचे महिने अवसेवर मोजत. अवस गेली की एक महिना सरला. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण सातव्यात मी जाणारच होते.

मला जायचंच होतं. वर सुईण म्हणजे एक म्हातारी, एका डोळ्याने अधू. तिच्या हाताखाली एक बाळंतीण गेलेली मी पाहिली होती. माझ्याच वयाची, माझ्याबरोबर पाट्या वाहिलेली. दोन दिवस तिचा आवाज गावभर येत होता आणि मग यायचा थांबला. कुरुळीहून चाकण जवळ, तिथे दवाखाना होता, पांढऱ्या लुगड्यातली नर्स होती. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मला मरायची भीती वाटत होती. रात्र-दिवस एकच डोक्यात, आबा येतील आणि मला इथून नेतील.

आबांनी बाजारात मामंजींना सांगून ठेवलं होतं, सातव्यातल्या शेवटच्या आठवड्याच्या आधीचा गुरुवार. त्या दिवशी मी गाठोडं बांधून सड्यावर बसले. ऊन डोक्यावर आलं, उतरलं, आणि घाटात एक कुत्रंही दिसलं नाही. पुढे कळलं की कारखान्यातलं कुठलंसं मशीन बंद पडलं आणि त्या आठवड्यात सगळ्यांची सुट्टी गेली. मशीनला काय, त्याला सातवा नाही की आठवा नाही. मी गाठोडं सोडलं नाही, तसंच कोपऱ्यात ठेवलं.

पुढचा गुरुवार आला. चैत्र संपत आला होता, कातळ तापायला लागला होता. मी आणि आत्याबाई सड्यावर बाळहिरडा वाळत घालत होतो. तेवढ्यात शेजारची एक बाई कपाळावर हात धरून म्हणाली, "आगं, त्ये सायकलीवर कोण येतंय?"

खाली, पहिल्या वळणाच्याही अलीकडे, एक ठिपका होता. मधूनच त्यावर ऊन चमकायचं. त्या घाटात सायकल हातात धरून आणलेली लोकांनी पाहिली होती. बसून चढणारा कुणी पाहिला नव्हता. बायका गोळा झाल्या. कुणी म्हणालं फॉरेस्टचा साहेब असेल, कुणी म्हणालं साहेब कशाला जीव काढतोय, त्याला जीप असते. मी नुसती बघत होते. तो ठिपका रस्त्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरका जायचा, तिथून वळून पुन्हा तिरका. सरळ चढण्याऐवजी असा आडवा-तिडवा चढ कापायची आबांची रीत होती. इंद्रायणीच्या चढाला मी कितीदा पाहिली होती.

"माझं वडील हायती," मी म्हणाले. शेजारीण म्हणाली, "म्हातारं येडं हाय का काय गं तुजं?" आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. मला इतका अभिमान वाटत होता की सांगता सोय नाही.

त्यांना वर यायला फार वेळ लागला. एका वळणाआड गेले की मी श्वास धरायची, पुढच्यावर दिसले की सोडायची. पेडलवर उभे राहिलेले दिसायचे, मग बसलेले, मग पुन्हा उभे. सगळ्यात वाईट वळण वरून तिसरं. तिथे रस्ता असा काही उभा होता की बैलसुद्धा गुडघे टेकायचे. तिथे आबा थांबले. खाली उतरले. बराच वेळ हँडलवर डोकं टेकून उभे राहिले. मग दोन पावलं चालले, आणि पुन्हा सायकलवर बसले.

आत्याबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "आज अवस हाय गं." मी म्हणाले, "आसंल." मला त्या घडीला अवस कळत नव्हती, पुनव कळत नव्हती, फक्त सायकल दिसत होती.

आबा अंगणात आले तेव्हा तोंड काळंनिळं झालं होतं. सदरा पाठीला चिकटलेला, खाकी विजारीच्या दोन्ही पायांना सुतळी बांधलेली. सायकल भिंतीला लावून ते ओट्यावर बसले आणि कितीतरी वेळ त्यांना बोलता येईना. मामंजींनी पाण्याचा तांब्या दिला. अर्धा प्यायले, अर्धा डोक्यावर ओतला. मग माझ्याकडे बघून पहिलं वाक्य बोलले, "एकदाच उतरलो." त्या पडक्या दातातून इतकं हसले की मामंजींनाही हसू आलं.

मी चहा ठेवायला आत गेले आणि दाराआड उभी राहिले. सून सासऱ्यापुढे बापाशी बोलत नसे, पण ऐकायला कुणाची बंदी होती? आबांनी सगळं ठरवून आणलं होतं. मामंजींची गाडी पायथ्यापर्यंत न्यायची, तिथे दुपारची एसटी, सायकल एसटीच्या टपावर, संध्याकाळी चाकण. "येताना यष्टीनं आलो आसतो तर ती मला टाकून माघारी गेली आसती," ते म्हणाले. "म्हणून घोडा आणला."

मामंजी म्हणाले, "इवाई, आज अवस हाय."

"ठावं हाय की. बघून आलोय मी. दुपारच्याला सरती अवस. सरली की निघू. यष्टी सुटायच्या आत खाली पोचतो बघा." आबांच्या आवाजात हुशारी होती. त्यांनी अवसेलाही शिफ्टसारखं बसवलं होतं, ही संपली की ती सुरू.

मामंजींनी रिकामा तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले, "आन अवस सरली की काय लागतं, इवाई?"

 माझ्या हातातली बशी तशीच राहिली. अवस असेतो कुणी सुनेला गावाबाहेर काढत नाही. आणि अवस सरली की माझा आठवा लागत होता. सकाळ ह्या कारणाने बंद, दुपार त्या कारणाने. आबांनी तो एवढा घाट चढताना हे एवढं साधं कसं नाही मोजलं? पण त्यांच्या डोक्यात गुरुवार होता. गुरुवारी सुट्टी आहे, गुरुवारी आणतो, त्यापुढे त्यांचं डोकं चालतच नव्हतं.

आबा चिडले. मला बरं वाटलं, चिडा म्हटलं. ते म्हणाले, "आवो, कारखान्यात निम्म्या बायका नवव्यापतूर पाट्या उचलत्यात बांधकामाला. कुणाला काय हुत न्हाई. पोर माझी हाय, जबाबदारी माझी."

मामंजींचा आवाज चढला नाही. तोच माणूस ओरडला असता तर फार सोपं झालं असतं. ते म्हणाले, "म्याबी आसंच म्हनलो हुतो. माझी पोर म्या आनाया गेलो हुतो, तिच्या सासरी. आठवा लागलेला. तिची सासू नगं म्हनत हुती. म्या म्हनलं, काय हुतंय, पोर माझी हाय. तवा रस्ता नवता, डोलीतनं आनली. ह्याच घाटात, वरनं तिसरं वळान हाय न्हवं, तितं तिचं पोट दुखाया लागलं."  पुढचं कुणी विचारलं नाही.

मला नणंद होती आणि ती गेली एवढंच माहीत होतं. कशी गेली हे त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या, त्यांनी तोंडात पदर धरला होता. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला वाटलं, तुमची पोर गेली म्हणून मी इथे मरू का?

मी दाराबाहेर आले. पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आबा, मला जायाचंय."

 मामंजींनी मान खाली घातली. आबा माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी सायकलकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मला अजूनही ते तोंड दिसतं. म्हणाले, "गप ऱ्हा, बाय."

मामंजींनी नाही म्हटल्याचं मला इतकं लागलं नाही. आबांनी गप बस म्हटल्याचं लागलं. घाट चढून आलेला माझा बाप, ज्याला यम न्यायला आला तरी ऐकणार नाही असं आई म्हणायची, तो एका म्हाताऱ्याच्या दोन वाक्यांपुढे बसला. आता माझंही वय झालंय. आज वाटतं की ते तरी काय करणार होते. समोरच्याने आपली मेलेली मुलगीच पुढ्यात ठेवली, त्यावर कुठला बाप बोलेल? पण तेव्हा मला हे कळलं नाही, आणि आज कळतंय म्हणून तेव्हाचा राग कमी होत नाही.

दोघा म्हाताऱ्यांनी मग तोड काढली. आठवा सरला की चांगला दिवस बघून मामंजी स्वतःच्या गाडीतून, खाली गवताचा बिछाना घालून, मला थेट कुरुळीला पोचवणार. दर वळणाला गाडी थांबवणार. आबा "चालंल" म्हणाले. मला कुणी विचारलं नाही. आबा भाकरी खाऊन उठले, उद्या पहिली पाळी होती, राहता येत नव्हतं. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "फुडच्या गुरवारी येतो. न्यायाला न्हाई, पर बघाया तर येतो." मी त्यांच्याशी बोलले नाही.

सड्यावर मात्र गेले. उतरताना ते फार वेगात गेले. सगळी वळणं भराभर संपली. एकदाही त्यांनी वर पाहिलं नाही. उतारावर ब्रेक धरलेला माणूस मागे बघू शकत नाही हे मला कळत होतं. तरी राग आला.

आणि ते खरंच आले. आठव्याच्या प्रत्येक गुरुवारी आले. आठवडाभर मशीनपाशी उभं राहायचं, आणि सुट्टीच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत कुरुळीहून निघायचं. चाकण, खेड, नदीचा काठ, मग हा घाट. वर येऊन माझ्याजवळ घटकाभर बसायचं आणि परत. रिवाजाने मला शीव ओलांडायची बंदी होती, त्यांना नव्हती. पहिल्या खेपेला मी तोंड फिरवून बसले. त्यांनी आईने दिलेले लाडू सोडले आणि घाटाबद्दल बोलत राहिले, जणू मी ऐकतच होते. खालच्या दोन वळणांना दम लागत नाही, तिथे माणूस फसतो, जोर काढून बसतो. मग मधे झरा लागतो तिथे पाणी प्यायचं नाही, फक्त तोंड धुवायचं, पोट जड होतं. तोंडात गुळाचा खडा धरायचा. पुढे बघायचं नाही, चाकापुढची हातभर वाट बघायची. "लांब बघितलं की पाय हातरून बसतो माणूस," ते म्हणाले. चाकणच्या सायकल दुकानातल्या चाचांनी त्यांना मागचं दातेरी चक्र मोठं बसवून दिलं होतं आणि वर सांगितलं होतं, "इस उमर में घाट नहीं, खाट देखो." हे सांगताना आबा इतके खूष होते की शेवटी मला हसावंच लागलं.

पण त्या तिसऱ्या वळणाला ते दर खेपेला उतरायचे. एकदा मी विचारलं, तिथे काय एवढं आहे? म्हणाले, "चढ हाय." मग म्हणाले, "आन इवायानं सांगितल्यापासनं तितं बसूनशान जावंच वाटत न्हाई."

गावाला त्यांची सवय झाली. गुरुवारी बायका सड्यावर हिरडा उलटायला जाताना म्हणायच्या, चला, म्हाताऱ्याची सायकल बघू. मामंजी सकाळपासून पाण्याचा तांब्या भरून ओट्यावर ठेवायचे. दोघे मग कांद्याच्या भावापासून कारखान्याच्या भोंग्यापर्यंत बोलत बसायचे. त्यांची अशी गट्टी जमलेली बघून माझा जीव जळायचा. ह्यांना एकमेकांची सोबत मिळाली, आणि मी इथेच. पोट दिवसेंदिवस खाली उतरत होतं, पाय सुजले होते, आणि सुईण येऊन एका डोळ्याने बघून म्हणायची, "हाय की येळ." मी दिवस मोजत नव्हते, गुरुवार मोजत होते. मलाही आबांचीच खोड लागली होती.

आठवा सरत आला होता. मामंजींनी गाडीच्या चाकांची लोखंडी धाव बदलून घेतली होती. आणि एका मंगळवारी, हंडा उचलताना, माझ्या कमरेतून कळ गेली.

त्या दिवसाचं मी फार लिहिणार नाही. सुईणीने तिला येत होतं ते सगळं केलं. माझाही आवाज गावभर गेला असणार. मी मेले नाही. मुलगी झाली. ती रडली, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. आत्याबाईंनी तिला कापसात गुंडाळून चुलीच्या उबेला धरलं. सुईण म्हणाली, आठव्याचं हाय, बघू. दिवस मावळायच्या आत ती गेली. मामंजींनी तिला उचललं आणि खाचराच्या बांधाकडे नेलं. मला तिचं तोंड दाखवलं होतं की नाही, हे मला आठवत नाही. लोकांना वाटतं अशी गोष्ट विसरता येत नाही. मला खरंच आठवत नाही.

बुधवारी कुरुळीला कुणी जावं का, असं आत्याबाईंनी विचारलं.  कोण जाणार, आणि जाऊन काय सांगणार? गुरुवारी तर ते येणारच होते.

गुरुवारी मी बाळंतिणीच्या खोलीत पडले होते. खोलीला खिडकी नव्हती. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांना अंगणाच्या कडेवरून घाट दिसत होता. बाहेर कुणी हसत नव्हतं, हिरडा उलटायला कुणी आलं नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, "आलं. खालच्या वळणाला हायती."

तिथून वर यायला त्यांना किती वेळ लागतो हे मला माहीत होतं. तेवढा सगळा वेळ ते गुळाचा खडा तोंडात धरून, चाकापुढची हातभर वाट बघत, ह्या घराकडे चढत येणार होते. आणि वर सगळ्या गावाला माहीत होतं. मी म्हणाले, "त्यास्नी थांबवा कुणीतरी." माझा आवाज बाहेर गेला की नाही कोण जाणे. मला वाटत होतं की ते कधी पोचूच नयेत. त्या वळणांवर असेच चढत राहावेत, आणि तोपर्यंत माझी मुलगी जिवंत असावी.

आत्याबाई बघत होत्या आणि मला सांगत होत्या. "झऱ्यापाशी आलं. तोंड धुत्यात. निघालं." मग त्या दचकल्या. "आगं, ह्ये चाललं." मामंजी ओट्यावरून उठले होते आणि घाटाच्या वाटेला लागले होते. त्यांचे गुडघे धड नव्हते, बाजाराला जायचे तर गाडीतून. त्या दिवशी काठी न घेता उतरत गेले. आत्याबाई बोलायच्या थांबल्या. मी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "भेटलं." कुठे, ते मी विचारलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "दोगंबी खाली बसल्यात." त्यानंतर इतका वेळ गेला की मला वाटलं आबा तिथूनच परत गेले.

ते आले. दोघे चालत आले, एकाने हँडल धरलेलं, दुसऱ्याने मागून कॅरियर. मला दिसलं नाही, आत्याबाईंनी सांगितलं. सोयर असल्यामुळे आबांना खोलीत येता येईना. भिंतीच्या पलीकडे ओट्यावर ते बसले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, एवढी ती भिंत पातळ होती. त्यांनी मला हाक मारली नाही.

मामंजी म्हणाले, "इवाई, त्या अवसेला म्या न्हाई म्हनलो नसतो तर…"

"तर घाटातच झालं आसतं," आबा लगेच म्हणाले. "हिथं घरात तरी झालं. पोर वाचली माझी. तुमी वाचवली."

मामंजी रडायला लागले. म्हातारा माणूस मोठ्याने रडतो ते फार वाईट ऐकू येतं. आबा त्यांना "आवो, आवो" म्हणत समजावत राहिले. माझा बाप खरं बोलला की त्या माणसासाठी खोटं बोलला, ते मी त्यांना मरेपर्यंत विचारलं नाही. विचारून काय होणार होतं? चाकणची नर्स वेळेवर मिळाली असती की नसती, पोर जगली असती की नसती, हे आता कुणीच सांगू शकत नाही. ते दोघे बाहेर एकमेकांना धीर देत होते. आत मला पान्हा फुटला होता. चोळी भिजून पोटापर्यंत ओल आली होती, आणि त्या दुधाचं काय करायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.